तक्रारदार मावशी आहे

वृद्धांच्या केंद्रात हयगयीने पडून मावशीचा खुबा मोडला, त्याबद्दल ग्राहक आयोगात केलेल्या प्रकरणाचा निकाल लागल्यापासून ओळखीपाळखीतले लोक विचारत असतात: वकील कसा मिळाला, अर्ज कुठे केला, खर्च किती आला. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहावं म्हणून बसले आहे. मी कायद्यातली नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. इथे आहे ते आमच्यावर गुदरलेलं आणि आमच्या वकील मॅडमनी वेळोवेळी समजावलेलं.

मावशी महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही. नोकरीची बरीच वर्षं पूर्व भागात गेली, विडी कामगारांच्या आणि यंत्रमागावरच्या कामगारांच्या मुलांना शिकवण्यात, त्यामुळे तेलुगू अस्खलित बोलते. 2021 मध्ये पॅरालिसिसचा सौम्य झटका आला आणि डावा पाय अधू झाला. डोकं मात्र लख्ख. आमचं घर जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर. तेव्हा तिनेच शहरातलं एक केंद्र पसंत केलं. दारावर पाटी होती, 'ज्येष्ठांसाठी चोवीस तास नर्सिंग सेवा'. महिन्याला अठरा हजार रुपये, तिच्याच पेन्शनमधून जायचे.

ऑगस्ट 2022. सकाळी दहाच्या सुमारास केंद्रातून फोन आला, "मावशी जरा पडल्यात, घाबरू नका, मलम लावलंय." कारखान्यातून थेट गेले. मावशी पलंगावर उताणी पडलेली. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. ज्यांच्या घरात कुणाचा खुबा मोडलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. उशाशी मलमाची ट्यूब, अंगाखालची चादर ओली. घंटेच्या बटणाची वायर भिंतीतून निघून लोंबत होती. पलंगाला कठडा एकाच बाजूला, तोही खाली पाडलेला. मी मोबाईलवर बटणाचा, पलंगाचा आणि पायाचा फोटो काढला. हिशेबातल्या माणसाला पुरावा ठेवायची सवय असते, बाकी काही डोक्यात नव्हतं.

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. खुब्याचं हाड मोडलेलं, गोळा बदलावा लागणार. ऑपरेशनच्या तयारीत सिस्टरनी तिला कुशीवर केलं तेव्हा माकडहाडाजवळ काळपट कडांची जखम दिसली. बेडसोर. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही काल-परवाची नाही ओ ताई." पडणं एका रात्रीचं होतं, पण ही जखम बऱ्याच दिवसांच्या दुर्लक्षाची होती.

तातडीच्या विभागातले डॉक्टर केसपेपर लिहीत होते. त्यांनी मला विचारलं, "कशा पडल्या?" मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "मला विचारा. पडले मी आहे."

मग तिने सांगितलं. रात्री तीन वाजता लघवीला जायचं होतं. बटण दाबलं, वाजलं नाही. हाका मारल्या. रात्रपाळीची मुलगी पलीकडच्या खोलीत एका आजोबांची उलटी आवरत होती. चौदा माणसांना रात्री ती एकटी. मावशी धरून धरून उठली, फरशी ओली होती, पाय सरकला. ती फरशीवरच पडून होती. भिंतीवरच्या घड्याळाने चारचे ठोके दिले, पाचचे दिले. उजाडल्यावर दोघांनी मिळून उचललं आणि पलंगावर ठेवलं.

डॉक्टरांनी हे सगळं तारीख-वेळ घालून केसपेपरवर उतरवलं. पुढे वकील मॅडमनी तो कागद पाहिला तेव्हा म्हणाल्या, की तुमच्या फाइलमधला हा सगळ्यात वजनदार कागद. घटना घडून काही तासच झालेत, वेदनेत असलेल्या बाईने स्वतः डॉक्टरला सांगितलंय, तेव्हा कुणाच्या डोक्यात दावा-बिवा नव्हता. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते: दवाखान्यात नेल्यावर 'घरी पडल्या' असं मोघम लिहू देऊ नका. कुठे, किती वाजता, कशा, हे रुग्णाला बोलता येत असेल तर रुग्णाच्याच तोंडून लिहून घ्यायला सांगा.

दवाखान्याने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, नोंदवली आणि पोलिसांना कळवलं. हवालदार जबाब घ्यायला आले. तेही खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. मावशीने त्यांनाही खुर्ची फिरवायला लावली. "कुणाविरुद्ध तक्रार आहे?" म्हटल्यावर ती म्हणाली, "केंद्र चालवणाऱ्यांविरुद्ध आहे. त्या पोरीविरुद्ध नाही. तसं लिहा, मग सही करते." हवालदार जरा गोंधळले, पण लिहिलं तसंच.

फौजदारी वाट त्या वेळी आम्ही पुढे नेली नाही. हाड मोडणं कायद्यात 'गंभीर दुखापत' ठरतं, आणि निष्काळजीपणाने ती झाली तर तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 338 होतं. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे. ज्यांना ती वाट धरायची त्यांनी जरूर धरावी. ग्राहक आयोगातली तक्रार आणि पोलिसांतली तक्रार एकमेकींना अडवत नाहीत. मावशीला मात्र पक्कं ठाऊक होतं, की चौकशी सुरू झाली की सगळ्यात आधी महिना आठ हजारांवर राबणारी ती पोरगीच पोलीस ठाण्यात बसवली जाईल.

ऑपरेशन झालं, मावशी घरी आली. तिसऱ्या मजल्यावर चौघांनी खुर्चीत बसवून चढवली. मग वकिलाचा शोध.

आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणालं प्रांताकडे जा, ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. आहे, 2007 चा आहे, पण तो मुख्यतः मुलांकडून किंवा वारसा मिळणाऱ्या नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याने हयगय केली तर भरपाईचं दार ते नाही. ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवर फोन लावला, तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितलं. तेवढ्यात एका नातेवाइकाच्या ओळखीने एका वकिलांना भेटून आलो होतो. त्यांनी मावशीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. "वीस लाख मागू. फी आत्ता नको, मिळेल त्यातले वीस टक्के." ऐकायला सोयीचं वाटतं. पण निकालात मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना बंदी आहे. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी उठले ते त्यांनी मावशीचं नाव दोनदा चुकवलं म्हणून.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, प्रत्येक जिल्ह्यात. मोफत वकील म्हणजे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, अशी माझी आणि बहुतेकांची समजूत. मी पेन्शनची कागदपत्रं, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा याची काळजी घेऊनच गेले होते. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "अर्ज कुणाच्या नावाने?" म्हटलं, मावशीच्या. "मग उत्पन्नाचा दाखला कशाला? बाई आहेत ना त्या." 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेला पात्र आहे. अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. आणि ही मदत फक्त दिवाणी-फौजदारी न्यायालयांपुरती नसते, ग्राहक आयोगासारख्या ठिकाणीही मिळते. इतकी मोठी सोय आणि आपल्या घराघरांतल्या बायकांना तिचा पत्ता नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर 15100 हा देशभरचा क्रमांक आहे.

एक फॉर्म, आधार कार्डाची प्रत, घटनेची थोडक्यात माहिती. मावशीची सही हवी, माझी चालणार नाही. ती येऊ शकत नाही म्हटल्यावर फॉर्म घरी न्यायला दिला. काही दिवसांनी पॅनेलवरच्या एका वकील मॅडमची नेमणूक झाल्याचं पत्र आलं.

मॅडम तीन मजले चढून घरी आल्या. मला वाटलं आधी फाइल मागतील. त्यांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि मावशीला विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

मावशी थोडा वेळ गप्प होती. इतक्या लोकांनी इतकं बोलून झालं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा मला काय हवंय तेच सांगत सुटले होते. मग तिने बोटांवर मोजून सांगितलं. ऑपरेशनचा खर्च त्यांनी द्यावा. रात्री दोन माणसं ठेवावीत. घंटा दुरुस्त करावी. आणि पोरीवर ढकलू नये.

मॅडमनी ते तसंच वहीत लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "ताई, एक लक्षात ठेवा. तक्रारदार त्या आहेत. तुम्ही धावपळ करणार, अधिकारपत्र तुमच्या नावाने घेऊ. पण निर्णय त्यांचा."

मग त्यांनी वाट समजावली. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 20 जुलै 2020 पासून लागू. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांत. सेवेपोटी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. आणि ती रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. इथे लोकांचा घोळ होतो: मागितलेली भरपाई नव्हे, भरलेले पैसे मोजायचे. आमचे भरलेले सगळे मिळूनही पाच लाखांच्या खूप आत होते. शिवाय तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. आईवडील सोलापुरात आणि मुलगा पुण्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. पैसे मुलाने भरले असतील तर तोही ग्राहक, आणि ज्याच्यासाठी सेवा घेतली ते आईवडीलही ग्राहकच.

माझी धास्ती दुसरीच होती. केंद्रात प्रवेश घेताना फॉर्मवर ओळ होती, 'काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही', आणि खाली मावशीची सही. मॅडम म्हणाल्या, अशी ओळ सगळेच छापून ठेवतात. वय झालेलं माणूस नैसर्गिकपणे आजारी पडलं तर गोष्ट वेगळी. पण घंटा बंद ठेवून, कठडा न लावून दुखापत झाली तर त्या एका ओळीने हयगय धुऊन निघत नाही. तो करारच अनुचित ठरवून घ्यायचा तर राज्य आयोगाकडे जावं लागलं असतं. तेवढ्या लांब जायची आपल्याला गरज नाही.

दुसरी धास्ती तज्ज्ञांच्या मताची. डॉक्टरांविरुद्धच्या प्रकरणात दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं हे ऐकून होते, आणि एका गावातला डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध कसा लिहून देणार? मॅडमनी सांगितलं, आपला आक्षेप उपचारावर नाही, देखभालीवर आहे. बंद घंटा चुकीची होती हे कळायला सर्जन लागत नाही. उघड हयगयीच्या प्रकरणात प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. हातात एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी आणि बेडसोरचे फोटो असले की पुरे.

त्या नोंदींसाठी दवाखान्याला लेखी अर्ज दिला. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. दवाखान्याने दिल्या, तक्रार न करता. केंद्राला मात्र रोजच्या देखभालीची नोंदवही आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा म्हणून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, त्यावर 'ही आमची अंतर्गत बाब' एवढंच उत्तर आलं. चित्रण पुढे मिळालंच नाही. जुनं आपोआप पुसलं गेलं म्हणे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी चित्रण राखून ठेवा असं पत्र त्याच आठवड्यात द्यावं आणि पोच घ्यावी. पोच नसलेलं पत्र दिलं काय आणि न दिलं काय.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी आधीच करून घेतल्या, त्यांचं मोल मला खूप उशिरा कळलं. एक म्हणजे मावशी पूर्ण भानावर आहे, तिला सगळं समजतं, असं तिच्या फिजिशियनचं प्रमाणपत्र. दुसरं म्हणजे पुराव्याचं शपथपत्र तक्रारीच्या वेळीच तयार करून ठेवणं. दुसऱ्याचं कारण त्यांनी मला जिन्यात सांगितलं, मावशीसमोर नाही. म्हातारी माणसं तक्रार करतात, तारखा पडतात, निकालापर्यंत माणूस राहील याची खात्री नसते. वारसांना प्रकरण पुढे चालवता येतं, पण रात्री तीन वाजता काय झालं हे वारसांनी पाहिलेलं नसतं.

शपथपत्राचा मसुदा टाइप होऊन आला. मावशीने चष्मा लावला, मांडीवर पाट घेतला आणि लाल पेन मागितलं. शाळेतली सवय. मसुद्यात होतं, 'कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे तक्रारदार पडल्या'. तिने ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, 'रात्री चौदा रुग्णांना एकच मुलगी होती. तिने माझी हाक ऐकली असती तरी ती येऊ शकली नसती.' मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, हे माझ्या वाक्यापेक्षा जास्त लागेल. तसंच टाइप झालं.

याच दरम्यान मी महापालिकेच्या आरोग्य विभागाला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. विचारलं एवढंच, की या केंद्राची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली नोंदणी आहे का. या कायद्यात आजारी किंवा जखमी माणसांबरोबरच जराजर्जर, अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागाही येतात. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं: नोंद आढळून येत नाही. म्हणजे पाटीवर चोवीस तास नर्सिंग सेवा, आणि नर्सिंगची नोंदणी नाही.

तक्रार दाखल व्हायच्या थोडं आधी केंद्राचे एक विश्वस्त घरी आले. सोबत सफरचंदांची पिशवी. सगळं बोलणं माझ्या यजमानांशी. पन्नास हजार देतो, आपसात मिटलं असं लिहून द्या, वय झालंय, हाडं ठिसूळ, कशाला कोर्टकचेरी. मावशीने आतून हाक मारली, "इकडे या. मी इथे आहे." ते आत गेले. तिने विचारलं, "रात्री दुसरं माणूस ठेवलं का?" ते म्हणाले, बघू, परवडायला पाहिजे ना. "मग सफरचंदं घेऊन जा," ती म्हणाली. पिशवी परत गेली.

जानेवारी 2023 मध्ये, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी चालू असताना, तक्रार ऑनलाइन दाखल झाली. तेव्हा ई-दाखिल होतं, आता ई-जागृती. केंद्राला नोटीस गेली. विरुद्ध पक्षाने तीस दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर पंधरा दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे मुदतवाढ नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलेलं आहे. त्यांनी अगदी कडेला येऊन म्हणणं दिलं. आम्ही दवाखाना नाही, सेवाभावी वृद्धाश्रम आहोत, ग्राहक कायदा लागू नाही. हाडं मुळात ठिसूळ. बाई मदतीची वाट न बघता उठल्या. आणि शेवटी, बाईंना विसराळूपणा आहे, त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

हे शेवटचं वाचून मावशीला इतका राग आला, की तिने जेवण बाजूला सारलं. चाळीसएक वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई. मॅडमनी फिजिशियनचं प्रमाणपत्र पुढे केलं. सेवाभावाला उत्तर पावत्यांनी दिलं: फुकट सेवा कायद्याबाहेर राहते, दरमहा अठरा हजारांची नाही.

नोंदवही आयोगाने हजर करायला सांगितली. मी ती पाहिली त्या दिवशी हात थरथरत होते. दर दोन तासांची नोंद: कूस बदलली, पाणी दिलं, लघवी. सगळी एकाच शाईची, एका बैठकीत लिहिल्यासारखी. त्या रात्रीच्या पानावर चार वाजताच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शांत झोप'. त्या वेळी मावशी फरशीवर पडून चारचे ठोके मोजत होती, आणि हे त्याच सकाळच्या केसपेपरवर नोंदलेलं होतं. मावशीने पानाची झेरॉक्स पाहिली आणि म्हणाली, हे त्या पोरीचं अक्षर नाही. पोरगी तेलुगू माध्यमातली, मराठी नोंदी करता याव्यात म्हणून मावशीच तिला रात्री बाराखडी गिरवायला बसवायची. हा मुद्दा मॅडमनी ताणला नाही. अक्षराचा वाद म्हणजे तज्ज्ञ, आणखी तारखा. 'शांत झोप' पुरेसं होतं.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात पुढची तारीख, सदस्य नाहीत, पुढची तारीख. रजा मागून मागून साहेबांची मर्जी गेली. मॅडम प्रत्येक तारखेला आल्या, एकदाही पैशाचा विषय काढला नाही. प्राधिकरण त्यांना देतं ते मानधन किती तुटपुंजं असतं हे पाहिल्यावर मला त्यांच्यापुढे फार लहान वाटलं.

2025 मध्ये निकाल लागला. 'तक्रार अंशतः मंजूर.' ऑपरेशनचा खर्च व्याजासह, शारीरिक-मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च, आणि नोंदणी नसताना 'नर्सिंग सेवा' अशी जाहिरात करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून ती बंद करण्याचा आदेश. रात्रीच्या माणसांबद्दल मात्र आयोगाने काही सांगितलं नाही. तक्रारदार आता तिथे राहत नाहीत, असं कारण दिलं. अपील करायचं तर केंद्राला निम्मी रक्कम आधी भरावी लागली असती, त्यांनी केलं नाही. पैसेही दिले नाहीत. मग अंमलबजावणीचा अर्ज टाकावा लागला. आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम 72 मध्ये आहे. अर्जाची नोटीस पोचल्यावर धनादेश आला.

मी पेढे आणले. मावशीने एक खाल्ला आणि म्हणाली, "चार गोष्टी मागितल्या होत्या. एकच मिळाली." मी पाटीचा फोटो दाखवला, 'नर्सिंग' या शब्दावर पांढरा रंग मारलेला. ती म्हणाली, पाटी मी मागितली नव्हती, रात्री तिथे कोण असतं ते सांग.

ती मुलगी तिथून सुटली आहे. आता दुसरीकडे कामाला जाते आणि सणावाराला मावशीला फोन करते, दोघी तेलुगूत बोलतात. तिच्याकडूनच कळलं, की रात्री अजून एकच बाई असते आणि माणसं वाढली आहेत. त्यावर मावशीने निकालाची प्रत जोडून महापालिका आयुक्तांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. तपासणी झाल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं आहे, तपासणीत काय दिसलं ते त्यात नाही. अहवालाची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज तिने काल पूर्ण केला. मराठीत एक परिच्छेद, शब्द मोजून. तिकीट लावून झालंय. उद्या दुपारच्या सुट्टीत मी महापालिकेत, इंद्रभुवनच्या आवारात जाऊन तो देणार आहे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेणार आहे.